हरित वसई आंदोलन: झोन कसा बदलला, विहिरी खाऱ्या का झाल्या आणि आपल्या गावाने यातून काय शिकायचं

विरार स्टेशनला उतरून पश्चिमेला आगाशीकडे निघालं की रस्ता दोन गोष्टी दाखवतो. बोळींजपर्यंत टॉवर, दुकानं, रिक्षा, म्हाडाच्या इमारती. त्याच्या पुढे केळी, नारळ, फुलांच्या वाड्या आणि कौलारू घरं. ही वाडी अजून उरली आहे. ती का उरली आणि बाकीची का गेली, यामागे तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास आहे.

पालघर जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाने हा इतिहास माहीत करून घ्यावा अशी आजची वेळ आहे. वसईत जे १९८८ नंतर झालं, ते आता पालघर, बोईसर, सफाळे, डहाणूच्या दिशेने सरकतंय. म्हणून हा माहितीलेख. आंदोलन काय होतं, कशावरून पेटलं, काय मिळालं, काय हातचं गेलं, आणि आपल्या गावात नकाशा बदलायला लागला तर करायचं काय, हे एका जागी दिलंय.

थोडक्यात सांगायचं तर

• वसईचा पश्चिम पट्टा बागायतीचा. १९७३ च्या मुंबई महानगर प्रादेशिक योजनेत वसईचा मोठा भाग हरित पट्टा होता.
• १९८८ मध्ये राज्य शासनाने यातली बरीच जमीन बांधकामासाठी मोकळी केली. त्यातून हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं.
• १९९० मध्ये सिडको विशेष नियोजन प्राधिकरण झालं. विकास आराखडा मंजूर व्हायला २००७ उजाडलं. तोपर्यंत बांधकामं थांबली नव्हती.
• ३ जुलै २००९ ला चार नगरपरिषदा आणि ५३ गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. गावांनी विरोध केला. तो वाद पुढे पंधरा वर्षं चालला.
• पश्चिमेच्या वाड्या बऱ्यापैकी वाचल्या. पाणी, नाले आणि आरक्षित जागा मात्र वाचल्या नाहीत.

वसई म्हणजे नेमकी कशी जमीन?

दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. अशी तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेली ही पट्टी आहे. डोंगरावरचं पावसाचं पाणी उतरून सखल भागातून, मिठागरांतून आणि खाजणातून खाडीला मिळतं. रेल्वे लाइन या पाण्याच्या वाटेवर आडवी गेलीय, हे पुढे लक्षात ठेवा.

पश्चिमेला आगाशी, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गास, वाघोली, गिरीज, सांडोर अशी गावं. इथली वाडी म्हणजे केळी, नारळ, पानवेल, भाजी आणि फुलं. वसईची सुकेळी प्रसिद्ध. भाजी-फुलांची टोपली पहाटेच्या लोकलने दादरला जायची. वाडवळ, सामवेदी, भंडारी, कोळी, आगरी, आदिवासी, ख्रिस्ती असे सगळे समाज या मातीवर आणि पाण्यावर जगले.

त्या पाण्याचं एक खास नाव आहे: बावखल. बावखल म्हणजे वाडीत खोदलेलं मोठं तळं. पावसाळ्यात भरतं, उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकतं. पूर्वी त्यावर रहाट असायचा, पुढे पंप आला. पण बावखलाचं खरं काम दिसत नाही, ते जमिनीखाली चालतं.

समुद्राजवळच्या जमिनीत खाली खारं पाणी असतं. पावसाचं गोडं पाणी मुरून त्याच्यावर थर धरतं. गोडं हलकं, खारं जड, म्हणून गोडं वर राहतं. विहिरीत आपण पितो तो हाच वरचा थर. बावखलं हा थर दर वर्षी भरून काढतात. पाणी मुरणं कमी झालं आणि उपसा वाढला की थर पातळ होतो आणि खालचं खारं पाणी वर चढतं. एकदा विहीर खारी झाली की ती गोडी व्हायला अनेक पावसाळे लागतात. कधी कधी होतच नाही.

वसईचं सगळं भांडण या एका थरावरून समजतं.

१९८८: कागदावरचा रंग बदलला

मुंबईत जागा महाग झाली. पश्चिम रेल्वेची लोकल विरारपर्यंत होतीच. नोकरदार माणसाला परवडेल असं घर नालासोपारा-विरारलाच मिळत होतं. अशा वेळी १९८८ मध्ये शासनाने वसईतल्या हरित पट्ट्याची मोठी जमीन बांधकामाला खुली केली.

इथे एक गोष्ट समजून घ्या. ‘झोन’ म्हणजे नकाशावरचा रंग. हिरवा असेल तर शेती आणि त्याला धरून थोडं बांधकाम. पिवळा असेल तर राहण्याच्या इमारती. सातबारावर नाव तेच राहतं, पीकपाणी तेच राहतं. पण नकाशावर रंग बदलला की त्या जमिनीचा भाव एका रात्रीत बदलतो. शेतकऱ्याला हे कळायच्या आधी दलालाला कळतं. वसईत तसंच झालं. पुष्कळांनी आपली जमीन शेतीच्या भावाने विकली आणि नंतर तिच्यावर सात मजले चढलेले पाहिले.

हरित वसई संरक्षण समिती

याच सुमारास हरित वसई संरक्षण समिती स्थापन झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२ ते २०२४) हे तिचा चेहरा झाले. ते मूळचे नंदाखालचे. ‘सुवार्ता’ या मराठी मासिकाचे १९८३ ते २००७ संपादक. पुढे २०२० साली उस्मानाबादला झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून सगळ्या महाराष्ट्राला ते ठाऊक झाले. वसईत मात्र लोक त्यांना आधी ओळखायचे ते मोर्च्यातले फादर म्हणून.

चर्चमधल्या माणसाने पुढाकार घेतला म्हणून हे एकाच समाजाचं आंदोलन होतं असं काही जण आजही समजतात. ते बरोबर नाही. विहीर खारी होताना कोणाची जात-धर्म विचारत नाही. मोर्च्यात सगळ्याच समाजांची माणसं होती आणि बायका मोठ्या संख्येने होत्या, कारण हंडा त्यांच्याच डोक्यावर होता.

समितीच्या मागण्या साध्या होत्या. हरित पट्टा मोडू नका. आधी पाणी, गटार, रस्ता आणि मग इमारत असा क्रम ठेवा. विहिरींतला टँकरचा उपसा थांबवा. झाडतोड आणि बेकायदा भराव रोखा. गावाला विचारल्याशिवाय गावाचा नकाशा काढू नका.

टँकरचा प्रश्न

नव्या वस्त्यांना नळाचं पाणी नव्हतं. बांधकामालाही पाणी लागायचं. मग ते आलं कुठून? पश्चिमेच्या गावांतल्या विहिरींतून आणि बावखलांतून. दिवसरात्र पंप आणि टँकरच्या रांगा. पाणी विकणाऱ्यालाही पैसा मिळत होता, त्यामुळे गावातही दोन तट पडले. एकाने आपल्या विहिरीचं पाणी विकलं की शेजाऱ्याची विहीर आटते, कारण खाली पाणी एकच आहे. गावकऱ्यांनी टँकर अडवले, आंदोलनं केली.

पर्यावरण हा शब्द तेव्हा फार कोणी वापरत नव्हतं. लोकांना एवढंच दिसत होतं की केळीची पानं करपतायत आणि चहा मचूळ लागतोय.

सिडको आली, आराखडा सतरा वर्षांनी आला

१९९० मध्ये शासनाने वसई-विरार उपप्रदेशासाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. कल्पना अशी की नियोजन एका संस्थेकडे गेलं तर वाढ शिस्तीत होईल.

प्रत्यक्षात विकास आराखडा अंतिम मंजूर झाला फेब्रुवारी २००७ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी. आराखड्याची मुदत होती २०२१ पर्यंत. घर बांधणारा, विकणारा आणि घेणारा यातला कोणीही सतरा वर्षं थांबला नाही. पूर्वेला चाळी झाल्या, इमारती झाल्या, नाले बुजले. आराखडा मंजूर होईपर्यंत शाळा, उद्यान, दवाखाना, सांडपाणी प्रकल्प अशा आरक्षणांपैकी बऱ्याच जागांवर आधीच कोणी ना कोणी राहायला आलेलं होतं.

त्याची किंमत कोणी भरली, याचं ताजं उदाहरण नालासोपाऱ्याच्या अगरवाल नगरीचं. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडण्यात आल्या. आयुष्याची कमाई घालून घर घेतलेली कुटुंबं रस्त्यावर आली. ज्यांनी बांधून विकलं ते केव्हाच पैसे घेऊन मोकळे झाले होते. त्याच वर्षी २६ ऑगस्टच्या रात्री विरारमध्ये एका अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा जीव गेला.

म्हणून हरित वसईचा प्रश्न फक्त वाडीवाल्यांचा नव्हता. गाव वाचवा म्हणणारे आणि परवडणारं घर शोधत आलेले, दोघंही एकाच चुकीच्या कारभारात अडकले.

गाव की महापालिका?

३ जुलै २००९ ला वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व ५३ गावं एकत्र करून महापालिका झाली. गावांचा विरोध लगेच पेटला. जनआंदोलन समितीच्या झेंड्याखाली ‘गाव वाचवा’ची हाक दिली गेली.

गावांचं म्हणणं काय होतं?

पहिलं, ग्रामसभा जाते. गावात वर्षातून चार वेळा माणूस उभा राहून सरपंचाला प्रश्न विचारू शकतो. महापालिकेत त्याच्या वाट्याला एक नगरसेवक येतो आणि तो हजारो मतदारांत वाटलेला असतो. दुसरं, कर वाढतात आणि सेवा यायला वर्षं लागतात. तिसरं, ग्रामीण भागासाठीच्या योजना, रोजगार हमीची कामं बंद होतात. चौथं आणि सगळ्यात मोठं, जमिनीचा निर्णय गावाच्या हातून पूर्ण सुटतो.

हा वाद थेट निवडणुकीत उतरला. १९९० पासून वसईत हितेंद्र ठाकूर यांचं वर्चस्व होतं. २००९ च्या विधानसभेत विवेक पंडित अपक्ष म्हणून निवडून आले, गावांचा प्रश्न हाच त्यांचा मुख्य मुद्दा होता. पण २०१० च्या पहिल्या महापालिका निवडणुकीत सत्ता ठाकूर यांच्या बहुजन विकास आघाडीकडे गेली. २०१४ आणि २०१९ ला विधानसभाही पुन्हा ठाकूर यांच्याकडे आली. २०२४ मध्ये भाजपच्या स्नेहा दुबे-पंडित जिंकल्या. मतदारांनी असे आलटून पालटून कौल दिले आहेत, त्यामुळे ‘सगळी वसई अमुक बाजूची’ असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

२०११ मध्ये शासनाने २९ गावं महापालिकेतून वगळण्याचा निर्णय घेतला. महापालिका उच्च न्यायालयात गेली आणि स्थगिती मिळाली. प्रकरण वर्षानुवर्षं पडून राहिलं. २०२४ मध्ये शासनाने तो वगळण्याचा निर्णयच मागे घेतला आणि गावं महापालिकेत ठेवण्यासाठी नव्याने हरकती मागवल्या. २००९ ला जन्मलेलं पोर तोवर दहावीच्या उंबरठ्यावर आलं होतं.

दुसरी बाजू काय म्हणते?

आंदोलनाला विरोध करणारे सगळेच बिल्डर नव्हते. त्यांचेही मुद्दे आहेत आणि ते ऐकायला हवेत.

मुंबईत काम करणाऱ्या लाखो माणसांना घर कुठे द्यायचं? २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. ही माणसं हवेत राहणार नाहीत. हरित पट्टा कडक ठेवला की घरं महाग होतात आणि गरीब माणूस बेकायदा चाळीत जातो, असं ते म्हणतात.

दुसरं, वाडीतून पोट भरत नाही. मजूर मिळत नाही, भाव मिळत नाही, पोरं शिकून नोकरीला लागली. मग जमीन विकायचा हक्क शेतकऱ्याला नको का? तिसरं, हरित पट्ट्यात गावच्या माणसालाच मुलासाठी घर बांधायला परवानगी मिळत नाही. तो बिनपरवाना बांधतो आणि नोटीस त्यालाच आधी येते.

हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. पण त्यावरचा उपाय रीतसर गावठाण वाढवणं, शेतीला पाणी आणि बाजार देणं, आणि आधी नळ-गटार टाकून मग परवानगी देणं हा होता. वसईत झालं ते असं की परवानगी आधी मिळाली आणि पाणी मागाहून शोधलं.

ते पाणी आता कुठून येतं?

हा भाग डहाणू, पालघर आणि विक्रमगडच्या वाचकांनी नीट वाचावा.

वसईच्या विहिरी पुरेनात, मग पाणी आलं सूर्या नदीचं. सूर्या प्रकल्प मूळ बांधला गेला आपल्या जिल्ह्यातल्या शेतीच्या सिंचनासाठी. धामणी धरण झालं, आदिवासी कुटुंबं विस्थापित झाली. पण धरणाचं पाणी हळूहळू शहरांकडे वळलं. एमएमआरडीएची सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर, म्हणजे ४० कोटी ३० लाख लिटरची आहे. त्यातलं १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारला आणि २१८ दशलक्ष लिटर मिरा-भाईंदरला.

शहरातल्या माणसाला प्यायला पाणी मिळू नये असं कोणीच म्हणणार नाही. पण कालव्याच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या शेतकऱ्याने विचारलं की माझं पाणी कुठं गेलं, तर त्याचं उत्तर वसईच्या बदललेल्या झोनमध्ये आहे. शहर वाढतं एका तालुक्यात आणि पाणी लागतं दुसऱ्या तालुक्यातलं.

पावसाळ्यात याचा उलटा प्रकार. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार बुडालं. मिठागरात राहणारी माणसं पाण्यात अडकली, वीज गेली, लोकल बंद पडली. तुंगारेश्वरावरून उतरणारं पाणी आधी सखल शेतात, खाजणात पसरायचं. तिथे भराव झाला, इमारती झाल्या. रेल्वेखालच्या मोऱ्या तेवढ्याच राहिल्या. महापालिकेने मग नीरी आणि आयआयटीच्या तज्ज्ञांची समिती नेमली. हरित वसईवाले तीस वर्षांपूर्वी जे ओरडून सांगत होते, ते आता अहवालात लिहिण्याची वेळ आली.

डहाणूला मिळालेलं कुंपण

शेजारच्या डहाणू तालुक्यात गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. जून १९९१ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला. उद्योगांवर मर्यादा आल्या. अंमलबजावणी होत नाही म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अनेक वर्षं त्याचे अध्यक्ष होते. वाढवण बंदराचा पहिला प्रस्ताव याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये नाकारला.

वसईकडे मोर्चे होते, पण असं कायद्याचं कुंपण नव्हतं. हा मोठा फरक. तरी कुंपणही कायमचं नसतं. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये वाढवण बंदराला ना-हरकत दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. म्हणजे कायदा असला तरी पहारा सोडता येत नाही.

हरित वसईने नेमकं काय मिळवलं?

सगळंच हरलं असं म्हणणं चूक. पश्चिमेच्या गावांत आजही वाड्या आहेत, बावखलं आहेत, आणि तरुण मंडळी श्रमदान करून ती साफ करतायत. पूर्वेसारखी दाटी तिथे झाली नाही, याला आंदोलनाचा धाक हे एक मोठं कारण.

आणखी एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे नकाशा वाचायची सवय. २०१६ मध्ये एमएमआरडीएने २०१६ ते २०३६ चा प्रादेशिक आराखडा प्रसिद्ध केला. वसईच्या गावांनी तो मराठीत द्या अशी मागणी केली, सभा घेतल्या, आणि हजारो लेखी हरकती नोंदवल्या. १९८८ ला लोकांना कळलंच नव्हतं. २०१६ ला लोक रांगेत उभे होते. ही आंदोलनाची कमाई आहे.

आपल्या गावात नकाशा बदलत असेल तर?

जिल्हा मुख्यालयासाठी कोळगाव परिसरात सिडकोला ४४० हेक्टर जमीन दिली गेली. मुंबई महानगर प्रदेशाची हद्द पालघर तालुक्यापर्यंत आली. बुलेट ट्रेन, द्रुतगती महामार्ग, बंदर अशी कामं सुरू आहेत. रंग बदलायला सुरुवात झालीच आहे. म्हणून हे टिपून ठेवा.

१. आपल्या गावाचं नियोजन कोण करतं ते आधी शोधा. नगररचना विभाग, महापालिका, एमएमआरडीए की एखादं विशेष नियोजन प्राधिकरण? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, कलम ४० खाली शासन विशेष प्राधिकरण नेमू शकतं. असं नेमलं की ग्रामपंचायतीचा बांधकाम परवानगीतला अधिकार संपतो.

२. झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. गट नंबर देऊन नगररचना कार्यालयात अर्ज करता येतो. सातबारा म्हणजे मालकी, झोन दाखला म्हणजे जमिनीचं भवितव्य. दोन्ही फाइलला लावा.

३. हरकतीची मुदत चुकवू नका. विकास आराखड्याचा मसुदा कलम २६ खाली प्रसिद्ध होतो आणि हरकतीला ३० दिवस असतात. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, ती दवंडी देऊन कोणी सांगत नाही. हरकत लेखी द्या, गट नंबर लिहा, कारण लिहा, आणि पोच घ्या. पोच नसेल तर हरकत दिलीच नव्हती असं समजा.

४. सुनावणीला जा. कलम २८ खाली नियोजन समितीपुढे सुनावणी होते. वकील लागतोच असं नाही. विहिरीचा फोटो, पुराच्या पाण्याची खूण, गावनकाशावरचा नाला, हे पुरावे न्या. ‘विकासाला विरोध’ एवढंच लिहिलं तर कागद बाजूला पडतो. ‘गट नंबर अमुकमधून बारमाही ओहोळ जातो, तो नकाशावर दाखवलेला नाही’ असं लिहिलं तर उत्तर द्यावं लागतं.

५. मोठ्या आराखड्यापेक्षा छोट्या फेरबदलांवर डोळा ठेवा. मंजूर विकास आराखड्यात कलम ३७ खाली आणि प्रादेशिक योजनेत कलम २० खाली बदल होतो. एखाद्या दुसऱ्या गटाचा झोन बदलल्याची दोन ओळींची जाहिरात येते. शेकडो एकर एकदम जात नाहीत, असे तुकड्या-तुकड्यानेच जातात.

६. हद्दवाढीची अधिसूचना आली तर ग्रामसभा बोलवा. ठराव करा, उपस्थितांच्या सह्या घ्या, ठरावाची प्रत मुदतीत पाठवा. पेसा क्षेत्रातल्या गावांनी तर ग्रामसभेचा ठराव हे आपलं पहिलं हत्यार समजावं. नुसत्या मोर्च्याची बातमी दुसऱ्या दिवशी जुनी होते, ठराव नोंदवहीत राहतो.

७. तळं, बावखल, गुरचरण, ओहोळ यांची गावयादी करा. गावनकाशावर आणि सातबारावर त्यांची नोंद आहे का बघा. गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवून त्या गावाला परत द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्व राज्यांना दिलेला आहे. तलाठ्याकडे जाताना हा निकाल सांगा.

८. जमीन विकताना घाई नको. दलाल अचानक गावात फिरायला लागले की समजा, नकाशात काहीतरी शिजतंय. साठेखत करण्याआधी झोन दाखला काढाच. आणि घर घेणाऱ्याने बांधकाम परवानगी थेट महापालिकेत जाऊन तपासावी. बनावट परवानगीपत्रांवर इमारती उभ्या केल्याची प्रकरणं २०२३ मध्ये वसई-विरारमध्येच उघड झाली आहेत.

शेवटी एवढंच

वसईच्या जुन्या माणसांशी बोललं तर एक वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतं: आम्हाला उशिरा कळलं. बुलडोझर आला तेव्हा मोर्चा निघाला, पण बुलडोझरच्या आधी नोटीस आली होती आणि नोटिशीच्याही आधी नकाशा निघाला होता.

आता राजपत्र मोबाईलवर दिसतं, आराखड्याची पीडीएफ डाउनलोड होते, सातबारा दोन मिनिटांत निघतो. १९८८ च्या गावकऱ्याकडे यातलं काहीच नव्हतं, तरी त्याने अर्ध्या वाड्या राखल्या. आपल्याकडे हे सगळं आहे. पुढच्या ग्रामसभेत एकच विषय लावून घ्या: आपल्या गावाचा नकाशा कोणाकडे आहे आणि त्यावर आपल्या विहिरीभोवती कोणता रंग आहे. उत्तर सरपंचालाही माहीत नसेल, तर दुसऱ्या दिवशी चार जण मिळून नगररचना कार्यालयात जा आणि बघून या.